लंडनमधील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना स्वतःचे वेगळे घर का लागले?

प्रश्न : कॅम्डनकर

गेल्या महिन्यात आईवडील इकडे आले होते, तेव्हा त्यांना किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर पाहायला घेऊन गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी लंडनमध्ये असताना १९२१-२२ मध्ये या घरात राहत असत, आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतल्यापासून इकडे आलेला मराठी माणूस सहसा तिथे डोके टेकवल्याशिवाय परत जात नाही. त्या दिवशी माझी एक नायजेरियन सहकारी आमच्यासोबत होती. ती म्हणाली की, तुमचे बाबासाहेब मायदेशी परतल्यावर दहाच वर्षांनी, इथून चालत जाता येईल अशा कॅम्डन रोडवर, आमच्या लोकांनी विद्यार्थ्यांसाठी स्वतःचे घर थाटले होते. तिने त्या संघटनेचे नाव ‘वासू’ असे सांगितले. डॉ. हॅरल्ड मूडी नावाच्या एका डॉक्टरांचाही तिने उल्लेख केला. त्यांनीही अशीच एक संघटना काढली होती, पण दोन्ही संघटनांचे आपापसात पटत नव्हते, असे तिचे म्हणणे होते.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. विद्यापीठात प्रवेश मिळालेला असताना या विद्यार्थ्यांना वेगळे घर काढण्याइतकी अडचण नेमकी कोणती होती? हेतू एकच असताना दोन संघटनांचे का बिनसले? आणि शिक्षण पूर्ण करून डॉक्टर, वकील किंवा परिचारिका झालेल्यांसाठी या संघटना प्रत्यक्षात काय करत असत?

हे विचारण्यामागे एक कारण आहे. आम्ही सहा-सात जण मिळून महाराष्ट्रातून इथे शिकायला येणाऱ्या, विशेषतः घराण्यात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलामुलींना सुरुवातीचे काही आठवडे मदत करतो. तात्पुरती जागा, बँकेचे खाते, डॉक्टरकडे नावनोंदणी, आणि आजारी पडल्यास सोबत जाणे, एवढेच ते काम आहे. आता एका संस्थेने आम्हाला पैसे देऊ केले आहेत, पण कोणाला मदत करायची हे तीच संस्था ठरवणार, अशी तिची अट आहे. आमच्यात यावरून दोन मते झाली आहेत. आपल्याआधी याच शहरात इतरांनी काय केले, हे नीट माहीत करून घेतल्याशिवाय मला मत द्यावेसे वाटत नाही.

उत्तर : जुनी दप्तरे (कोल्हापूर)

ताई, प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवत असे आणि वसतिगृहांचा इतिहास हा माझ्या आवडीचा विषय आहे. कोल्हापूरच्या माणसाला त्याचे कारण सांगावे लागत नाही.

त्या काळी प्रवेश मिळणे आणि राहायला जागा मिळणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत्या. पश्चिम आफ्रिकेत ब्रिटिशांच्या चार वसाहती होत्या : नायजेरिया, गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना, सिएरा लिओन आणि गांबिया. तिथल्या सुखवस्तू घरांतील मुले कायदा आणि वैद्यक शिकायला लंडनला येत. बॅरिस्टर घडवणाऱ्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ या संस्थांमध्ये त्यांचे नाव दाखल होई आणि शुल्कही घेतले जाई, पण संध्याकाळी खोली पाहायला गेले की घरमालकीण दार उघडून चेहरा पाही आणि खोली आत्ताच गेली असे सांगे. याला तिथे ‘कलर बार’ म्हणत. घर भाड्याने देताना किंवा नोकरी देताना वर्ण पाहणे ब्रिटनमध्ये बेकायदा ठरायला १९६८ साल उजाडावे लागले, त्यामुळे तोवर दाद मागायला जागाच नव्हती. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशांच्या धर्मशाळेतून कसे बाहेर काढले गेले, हे आपण सर्व जाणतो. म्हणून पदवी हातात असूनही रात्री डोके कुठे टेकायचे, हा प्रश्न मराठी वाचकाला समजावून सांगावा लागू नये.

१९२४ मध्ये वेंब्ली येथे ब्रिटिश साम्राज्याचे भव्य प्रदर्शन भरले होते आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून आफ्रिकी लोकांविषयी अपमानकारक मजकूर छापून येऊ लागला. लाडिपो सोलांके हे नायजेरियातून आलेले कायद्याचे विद्यार्थी त्याविरुद्ध लिहू लागले. त्याच वर्षी जमैकन कार्यकर्त्या एमी ॲशवुड गार्वी यांच्या साहाय्याने त्यांनी नायजेरियन विद्यार्थ्यांची एक संघटना काढली. आणि पुढे, ७ ऑगस्ट १९२५ रोजी, सिएरा लिओनचे डॉ. हर्बर्ट बँकोल-ब्राइट यांच्या प्रेरणेने चारही वसाहतींतील विद्यार्थ्यांची मिळून ‘वेस्ट आफ्रिकन स्टुडंट्स युनियन’ स्थापन झाली. संस्थापकांत २१ जण होते, आणि ते कायद्याचेच विद्यार्थी होते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव ‘वासू’ पडले, आणि योरुबा भाषेत या शब्दाचा अर्थ ‘प्रवचन करणे’ असा होतो, म्हणून सोलांके यांना ते नाव फार प्रिय होते. तिच्या सुरुवातीच्या अध्यक्षांपैकी जे. बी. डांक्वा हे पुढे घानाच्या राजकारणातील मोठे नाव झाले.

स्वतःचे घर हे सोलांके यांचे पहिल्यापासूनचे स्वप्न होते. १९२८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे जमैकन नेते मार्कस गार्वी यांनी वेस्ट केन्सिंग्टनमधील एक घर काही काळासाठी वापरायला दिले, पण ती सोय टिकाऊ नव्हती. तेव्हा १९२९ मध्ये सोलांके पश्चिम आफ्रिकेत गेले आणि १९३२ पर्यंत गावोगाव फिरून त्यांनी निधी गोळा केला, तिथे संघटनेच्या शाखाही काढल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी घरोघर जाऊन धान्य आणि पैसा कसा उभा केला हे ज्याला माहीत आहे, त्याला या तीन वर्षांची किंमत कळेल. या पैशांतून १९३३ मध्ये ६२, कॅम्डन रोड येथे वसतिगृह सुरू झाले. सोलांके अधीक्षक झाले आणि त्यांच्या पत्नी ओपेओलू मेट्रन झाल्या. राहण्याखेरीज तिथे सभा, व्याख्याने आणि वादविवाद होत, आणि शहरात दुसरीकडे राहणारेही आपल्या माणसांत बसायला तिथेच येत. आपल्याकडील वाचकांना यावरून हायगेटमधील श्यामजी कृष्ण वर्मा यांचे ‘इंडिया हाऊस’ आठवेल. १९०५ मध्ये निघालेले ते घर पाचेक वर्षांतच बंद पडले. सोलांके यांचे घर टिकले, पुढे १९३८ मध्ये जवळच कॅम्डन स्क्वेअरला अधिक चांगल्या जागेत गेले.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण आपल्या मतदानाशी त्याचाच संबंध आहे. ब्रिटिश सरकारच्या वसाहत खात्याला हे विद्यार्थी एकत्र राहतात, वाचतात आणि बोलतात याची चिंता वाटू लागली होती. ते कम्युनिस्टांच्या नादी लागतील अशी भीती होती. म्हणून १९३४ मध्ये सरकारी पैशांतून डाउटी स्ट्रीटवर ‘ॲग्री हाऊस’ नावाचे दुसरे वसतिगृह उघडण्यात आले. त्याला डॉ. मूडी यांनी सहकार्य केले. ‘वासू’ने मात्र जाहीर विरोध केला, बहिष्कार पुकारला आणि पत्रक काढून सांगितले की हे घर विद्यार्थ्यांवर नजर ठेवण्यासाठी आहे. मला स्वतःला सोलांके यांची बाजू पटते. छप्पर कोण देतो यापेक्षा दाराची किल्ली कोणाकडे राहते हे त्यांनी पाहिले. ॲग्री हाऊस १९४० मध्ये बंद झाले.

पण एवढ्यावर सरकारी पैसा वाईट असा निष्कर्ष काढू नये. ‘वासू’नेही पुढे सरकारचे अर्थसाहाय्य घेतले; फरक इतकाच की तोवर घर आणि कारभार त्यांचा स्वतःचा होता, आणि खात्यालाच त्यांच्याशी बोलणी करायला यावे लागले. आमच्या कोल्हापुरात १९०१ पासून शाहू महाराजांनी एकामागून एक बोर्डिंगे उभी करवली. त्यांना जमीन आणि पैसा दरबाराचा मिळे, तरी ज्या समाजाची मुले तिथे राहत त्या समाजातील माणसे कारभारात असत.

उत्तर : पेकहॅममधील एक डॉक्टर

जुनी दप्तरे यांनी सोलांके यांची बाजू फार चांगली मांडली आहे. डॉ. मूडी यांच्यावर मात्र थोडा अन्याय झाला असे मला वाटते. मी सांगलीचा आहे आणि गेली काही वर्षे आग्नेय लंडनमध्ये डॉक्टर म्हणून काम करतो. १६४, क्वीन्स रोड या घरावर त्यांच्या नावाची निळी पाटी आहे, आणि ती माझ्या रोजच्या वाटेवर आहे.

हॅरल्ड मूडी १८८२ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे जन्मले आणि १९०४ मध्ये वैद्यक शिकायला लंडनला आले. किंग्ज कॉलेजमध्ये त्यांनी पारितोषिके मिळवली, १९१० मध्ये ते डॉक्टर झाले, आणि त्यानंतर ज्या रुग्णालयात शिकले तिथेच त्यांना नोकरी नाकारण्यात आली, कारण कृष्णवर्णीय डॉक्टरसोबत काम करायला मेट्रन तयार नव्हती. कॅम्बरवेलच्या गरिबांसाठी असलेल्या मंडळानेही त्यांना घेतले नाही. गरीब रुग्ण अशा डॉक्टरचे उपचार घेणार नाहीत, असे कारण देण्यात आले. शेवटी १९१३ मध्ये त्यांनी पेकहॅममध्ये स्वतःचा दवाखाना थाटला, आणि ज्या वस्तीतील गरीब त्यांच्याकडे येणार नाहीत असे सांगितले गेले होते, तीच वस्ती पुढे तीसहून अधिक वर्षे त्यांच्याकडे येत राहिली. पदवी, सनद आणि गुणवत्ता असूनही दार बंद होणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते, आणि ते ज्या पद्धतीने काम करत तिचे मूळ तिथेच आहे.

१३ मार्च १९३१ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडवरील वाय. एम. सी. ए. मध्ये त्यांनी ‘लीग ऑफ कलर्ड पीपल्स’ स्थापन केली. या ‘कलर्ड’ शब्दात त्या काळी आपण भारतीयही मोडत असू. सभासदांच्या सामाजिक, शैक्षणिक, आर्थिक आणि राजकीय हितांचे रक्षण, जगभरातील अशा लोकांच्या कल्याणाची आस्था, वर्णावर्णांतील संबंध सुधारणे, आणि सहानुभूती असलेल्या इतर संस्थांशी सहकार्य, असे तिचे चार हेतू होते. वाचताना ते सौम्य वाटतात आणि तरुण मंडळी त्यांना तसे बोलतही असत. परंतु प्रत्यक्ष काम पाहिले तर ते एकेका माणसाचे होते. कोणाला खोली नाकारली, कोणाला रुग्णालयाने परिचारिकेच्या प्रशिक्षणाला घेतले नाही, कोणाला पात्रता असून मुलाखतीलाच बोलावले नाही, की मूडी पत्र लिहीत, उत्तर आले नाही तर पुन्हा लिहीत, आणि गरज पडली तर स्वतः जाऊन उभे राहत. एखाद्या भाऊरावांना वसतिगृह बांधता येते तसे प्रत्येकाला येत नाही. पण एका नाकारलेल्या अर्जाचा पाठपुरावा शेवटपर्यंत करणे हेही संस्थेचेच काम आहे, आणि नोकरी करणाऱ्यांना त्याचीच गरज जास्त होती.

दोन उदाहरणे देतो. १९२५ च्या एका सरकारी आदेशामुळे कार्डिफ बंदरातील कित्येक कृष्णवर्णीय खलाशी, ब्रिटिश प्रजाजन असूनही, कागदोपत्री परकीय ठरवले जात होते आणि त्यांचा रोजगार जात होता. १९३५ मध्ये लीगने आपली माणसे तिथे पाठवून चौकशी केली आणि तो प्रश्न लंडनमध्ये मांडला. दुसरे उदाहरण त्यांच्या घरातलेच आहे. त्यांचा मुलगा १९३९ मध्ये सैन्यात अधिकारी व्हायला गेला असता, शुद्ध युरोपीय वंशाच्या व्यक्तीलाच हे पद मिळते असे त्याला सांगण्यात आले. मूडी यांनी लीगच्या नावाने मोहीम उघडली, आणि त्या वेळी ‘वासू’ त्यांच्या सोबत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने युद्धकाळापुरती ती अट मागे घेतली आणि १९४० मध्ये त्यांचा मुलगा अधिकारी झाला. ॲग्री हाऊसवरून दुरावलेल्या दोन संघटना पाच वर्षांनी एकाच कामासाठी एकत्र आल्या, हे मला त्यांच्या भांडणाइतकेच महत्त्वाचे वाटते.

लीगच्या मासिकाचे नाव ‘द कीज’ असे होते. गोल्ड कोस्टचे शिक्षणतज्ज्ञ क्वेग्यिर ॲग्री म्हणत की, पियानोच्या नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवरही सूर निघतात आणि नुसत्या काळ्या पट्ट्यांवरही, पण सुसंवादासाठी दोन्ही लागतात. त्यावरून ते नाव घेतले होते. आपल्याकडे गाणारी माणसे ‘काळी चार’ किंवा ‘पांढरी एक’ असे स्वर सांगतात, त्यामुळे ही उपमा मला पहिल्यांदा वाचली तेव्हाच आपली वाटली. मूडी २४ एप्रिल १९४७ रोजी गेले आणि त्यानंतर काही वर्षांतच लीग मावळली. एका माणसाच्या खांद्यावर उभी असलेली संस्था त्याच्यामागे टिकत नाही, हे मात्र मान्य करावे लागते, आणि या बाबतीत सोलांके यांचे घर अधिक शहाणपणाचे होते.

उत्तर : मिरजेची सिस्टर

वरील दोन्ही उत्तरांत पुरुषांचीच नावे अधिक आली आहेत, म्हणून एवढे लिहिते. उना मार्सन १९३२ मध्ये जमैकातून लंडनला आल्या, मूडी यांच्याच घरी राहिल्या, आणि वेतन न घेता लीगचे सचिवपदाचे काम करू लागल्या. पत्रव्यवहार, सभांची तयारी, आणि पुढे ‘द कीज’चे संपादन त्यांच्याकडे होते. नंतर त्या बी. बी. सी. वर गेल्या आणि तिथून वेस्ट इंडीजसाठीच्या प्रसारणात त्यांनी कॅरिबियन लेखकांना आवाज मिळवून दिला. स्टेला थॉमस या लीगच्या संस्थापक सभासदांपैकी होत्या. त्या १९३३ मध्ये बॅरिस्टर झाल्या, आणि १९४३ मध्ये नायजेरियातील पहिल्या महिला दंडाधिकारी बनल्या.

परिचारिका म्हणून सांगते की, प्रशिक्षणाला घेण्याआधी छायाचित्र मागून अर्ज बाजूला ठेवणे म्हणजे काय असते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही. तिथे गुण किंवा भाषा मध्ये येतच नाही. त्या मुलींसाठी कोणीतरी नाव घेऊन पत्र लिहिले, आणि तेही एका डॉक्टराने, ही मदत लहान नव्हती. ताई, आपण आजारी मुलासोबत दवाखान्यात जाता असे लिहिले आहे. ते काम कृपया कधीही थांबवू नका.

कॅम्डनकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. ॲग्री हाऊसची हकीकत मी काल आमच्या बैठकीत वाचून दाखवली. त्यावर एकाने असे विचारले की, ‘वासू’चे घर अभ्यासापेक्षा राजकारणाचे केंद्र झाले होते का, आणि त्यामुळे विद्यार्थ्यांचे नुकसान झाले का? दुसरे असे की, या संघटना गेल्यावर आज लंडनमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला नोकरीपर्यंत पोहोचवणारे काही उरले आहे का?

उत्तर : ग्रेज इनजवळचा वाचक

राजकारण होतेच, आणि ते टाळता येण्यासारखे नव्हते. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटनच्या युद्धकालीन मंत्रिमंडळातील ज्येष्ठ मंत्री क्लेमेंट ॲटली पश्चिम आफ्रिकी विद्यार्थ्यांपुढे बोलले आणि अटलांटिक सनदेतील, म्हणजे प्रत्येक देशाला आपले सरकार निवडण्याचा हक्क मानणाऱ्या चर्चिल-रूझवेल्ट यांच्या जाहीरनाम्यातील, तत्त्वे सर्व वंशांच्या लोकांना लागू आहेत असे म्हणाले. पुढच्याच महिन्यात चर्चिल यांनी पार्लमेंटात सांगितले की ती सनद मुख्यतः नाझींच्या ताब्यातील युरोपीय देशांसाठी आहे. चर्चिल यांच्या याच वक्तव्याने भारतातही संताप उसळला होता. १९४२ मध्ये ‘वासू’ने पश्चिम आफ्रिकेला तत्काळ अंतर्गत स्वराज्य आणि युद्ध संपल्यावर पाच वर्षांत पूर्ण स्वराज्य मिळावे अशी मागणी केली. १९४५ मध्ये लंडनला आलेले आणि पुढे घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले क्वामे एन्क्रुमा हे तिचे उपाध्यक्ष होते. ज्याला खोली मिळत नाही त्याला त्या नकाराचे मूळ वसाहतीच्या कारभारात दिसू लागले, तर त्यात अभ्यासाचे नुकसान झाले असे मी म्हणणार नाही. कायदा शिकणाऱ्यासाठी तो अभ्यासाचाच भाग होता.

कायद्याच्या बाजूने एक भर घालतो. १९४३ मध्ये वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांना रसेल स्क्वेअरमधील एका हॉटेलने आरक्षण असूनही ठेवून घेण्यास नकार दिला. त्यांनी खटला भरला आणि १९४४ मध्ये तो जिंकला, पण वर्णभेदाविरुद्ध कायदाच नसल्यामुळे निकाल लागला तो पांथस्थाला निवारा देण्याच्या जुन्या बंधनाच्या आधारे, आणि नुकसानभरपाई मिळाली पाच गिनी, म्हणजे सव्वापाच पौंड. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढाही आधार नव्हता.

आजच्याविषयी एकच उदाहरण देतो, कारण ते मला सर्वांत जवळचे वाटते. २२ एप्रिल १९९३ रोजी एल्थममध्ये बसथांब्यावर उभ्या असलेल्या स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा वंशद्वेषातून खून झाला. त्याला वास्तुविशारद व्हायचे होते. १९९८ मध्ये त्याच्या आईने त्याच्या नावाने न्यास काढला, आणि वास्तुशास्त्र शिकणाऱ्या होतकरू मुलांना शिष्यवृत्ती, मार्गदर्शन आणि कार्यालयांतील अनुभव मिळवून देण्याचे काम सुरू केले. पुढे त्या न्यासाचे नाव ‘ब्ल्यूप्रिंट फॉर ऑल’ असे झाले. वास्तुशास्त्राचा अभ्यासक्रम लांब आणि खर्चिक असतो, आणि ओळखीशिवाय पहिली नोकरी मिळणे कठीण, म्हणून या मदतीत पैशाइतकेच महत्त्व ओळख करून देण्याला आहे.

उत्तर : जुनी दप्तरे (कोल्हापूर)

डॉक्टरसाहेबांनी मूडी यांच्याविषयी लिहिले ते वाचून माझे मत थोडे बदलले आहे. सैन्यातील अटीविरुद्ध त्यांनी केलेल्या धडपडीत ‘वासू’ही सोबत होती, हे माझ्या लिहिण्यात यायला हवे होते.

ताई, आपल्या नायजेरियन सहकारी मैत्रिणीला एक गोष्ट जरूर सांगा. सोलांके यांची कागदपत्रे, म्हणजे पत्रव्यवहार, सभांची टिपणे आणि वसतिगृहाचे व्यवहार, आज लागोस विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत, आणि ज्या ग्रंथालयात ती आहेत त्याचे नाव गांधी ग्रंथालय आहे. त्या कधी सुटीत घरी गेल्या तर त्यांना ती पाहता येतील. आपल्या बैठकीत काय ठरले ते इथे कळवा. ती अट संस्थेने निवडीपुरती ठेवली आहे की हिशेबापुरती, हे मात्र आधी लेखी विचारून घ्या.

कॅम्डनकर

लेखी विचारले आहे. हिशेब त्यांना दर तीन महिन्यांनी द्यायला आमची सर्वांची तयारी आहे. निवड आमच्याकडेच राहावी असे सहापैकी चौघांचे मत पडले, आणि त्या चौघांत मी आहे. उत्तर आले की इथे लिहीन. येत्या रविवारी मैत्रिणीसोबत कॅम्डन स्क्वेअरपासून पेकहॅमच्या निळ्या पाटीपर्यंत जाण्याचे ठरवले आहे. डॉक्टरसाहेब, आपल्याला वेळ असेल तर क्वीन्स रोडवर भेटू.